दोन पानांचं घर

कार्तिक लागला की शहापूरच्या बाजारात माणसं कमी आणि विळे जास्त दिसायला लागतात. लोहाराच्या दारात बायका ओळीनं बसलेल्या असतात. प्रत्येकीच्या मांडीवर बोथट झालेला विळा, आणि तोंडं मात्र सगळ्यांची धारदार. शाळेतून येता-येता मी उगाच तिथं रेंगाळते. मला कुठलं आता भात कापायचं! लढाई संपली, साहेब गेला, रेशन तेवढं राहिलं. माझा तांदूळ दुकानातून येतो आणि निम्मा वेळ त्यातले खडे वेचण्यात जातो. पण वाऱ्यावर कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडसर वास आला की पाय आपोआप मंदावतात. परवा एका म्हातारीनं विचारलं, "बाय, तुजा इळा कुठं?" मी म्हटलं, "माझा गंजला गं." ती खो-खो हसली. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडेना.

आम्ही भात कापायचो ते गाव किन्हवलीच्याही पुढं, मुरबाडच्या अंगाला. मिशननं तिथं एका खोलीची शाळा काढली होती आणि तिच्या पाठीला चिकटून आमची दुसरी खोली. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. देऊळ म्हणावं असं आमचं काही तिथं नव्हतं, घंटा नव्हती, चार माणसं मिळून गाणं म्हणतील असा रविवार नव्हता. होतं काय, तर पुढं भाताची खाचरं, मागं मोहाची झाडं, आणि सुगीच्या दिवसांत सकाळी इतकं दव पडायचं की बांधावरून चालताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. दिवसा पोपटांचे थवे भातावर उतरायचे आणि पोरं पत्र्याचे डबे बडवत धावायची. संध्याकाळी प्रत्येक घरातून धूर निघायचा आणि तो धूर पाहून मला आमच्या घरातला धूर किती बारीक आहे ते कळायचं. दोन माणसांचा धूर तो. पुढं तर एकाच माणसाचा झाला.

आमचे हे शाळेत मास्तर होते. देवाशी बोलायची त्यांची तऱ्हा सगळ्या जगावेगळी. मी लहानपणापासून प्रार्थना ऐकलेली ती डोळे मिटून, आवाज घोगरा करून, पुस्तकी भाषेत केलेली. हे मात्र चुलीसमोर पाटावर बसून, भाजी निवडता-निवडता बोलायचे. "प्रभू, आज पाढे कुणालाच आले नाहीत. मी दोघांना छड्या मारल्या. तुला आवडलं नसणार, पण तू असतास तर तूही वैतागला असतास." मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. त्यात त्यांची आणखी एक रीत. जेवायला बसलो की ताटं तीन वाढायची. एक त्यांचं, एक माझं, एक प्रभूचं. "तो पाहुणा आहे आपला," म्हणायचे. "वाटेनं कुणी उपाशी आला तर तोच आला असं समजायचं आणि हे ताट त्याच्यापुढं सरकवायचं." यायचंही कुणीकुणी. डोंगरातून लाकडं घेऊन उतरलेला ठाकूर, वाट चुकलेला फकीर. नाही आलं कुणी, तर आम्ही दोघं तेही वाटून खायचो. गरिबाघरी पाहुण्याचं ताट वाया कसं जाईल?

खरं सांगायचं तर ख्रिस्ताशी ओळख त्यांची होती. माझी ती त्यांच्यामार्फत. नवऱ्याच्या जिवलग मित्राला बायको जशी ओळखते ना, तशी. त्याला चहात साखर किती लागते ते ठाऊक, हसतो कसा ते ठाऊक, पण दोघं बोलत बसले की आपण आत. आणि नवरा घरी नसताना तोच मित्र आला, तर दाराआडून म्हणायचं, "ते बाहेर गेलेत." माझं देवाशी इतकंच बोलणं होतं. आणि मला वाटायचं, आपण किती भाविक!

भादव्याच्या शेवटी त्यांना हिवताप झाला. थंडी वाजायची, घाम यायचा, परत थंडी. किन्हवलीहून कुणी औषध आणेपर्यंत सगळं उरकलं होतं. गावकऱ्यांनीच खड्डा खणला, शाळेमागच्या मोहाखाली. मला आठवतं, माती लोटताना सगळे एकमेकांकडे बघत होते. जाळायचं नाही, पिंड नाही, कावळा नाही, दहावं-तेरावं काही नाही. नुसतं पुरलं आणि घरी आले. माझ्या कपाळावर आधीही कुंकू नव्हतं, नंतरही नव्हतं. त्यामुळे ही बाई विधवा झाली हे माझ्याकडे पाहून कुणाला कळायलाच मार्ग नव्हता. गावाच्या हिशेबी मास्तर मेले खरे, पण गेले नव्हते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी ताटं मांडली. सवयीनं तीन काढली, एक परत फळीवर ठेवलं. त्या ठेवण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. राहिली दोन. त्या दुसऱ्या ताटासमोर बसून मला काय बोलावं सुचेना. जन्मभर दाराआड उभी राहिलेली मी. आता "ते बाहेर गेलेत" म्हणायचीही सोय उरली नव्हती. शेवटी म्हटलं, "आमटीत मीठ जास्त झालंय." झाली माझी प्रार्थना! दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज कोंबडीनं अंडं दिलं नाही." तिसऱ्या दिवशी मात्र मी त्याच्याशी भांडले. "तुझा एवढा मित्र होता, एक हिवताप तुला परतवता आला नाही?" ताट तसंच. भात निवत चाललेला, वर एक माशी. सकाळी तो शिळा भात मीच खायची आणि मनात यायचं, हे त्याचं उष्टं म्हणायचं की माझं मलाच वाढलेलं?

आमच्या शेजारी पारूबाय राहायची. कुणब्याची, माझ्याच वयाची, चार पोरांची आई. तिचा आवाज असा की दोन खाचरांपलीकडचा बैल वळायचा. मी लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा चिखलात पाय रोवून भाताची लावणी कशी करायची ते तिनंच शिकवलं. म्हणजे आधी पोट धरून हसली आणि मग शिकवलं. माझ्या घरचं पाणी ती कधी प्यायली नाही. मला तिच्या ओट्यावर चढता यायचं नाही. पण कुंपणावरून काकड्या, वालाच्या शेंगा, सुईदोरा आणि गावभरच्या चहाड्या यांची ये-जा चालायची. एवढी मैत्री त्या काळात पुष्कळ होती.

नवरात्र उलटून गेल्यावर एके दिवशी ती कुंपणाशी आली. हातात काही नव्हतं.

"मास्तरीन, येक इचारू? रागावशील?"

"विचार की."

"तू सांजच्याला दोन पानं वाढतेस. आमच्या दारातनं दिसतं ना गो. आनि बोलतेस कुनाशी? मास्तरांशी?"

"छे गं! प्रभूशी बोलते. येशूशी."

"त्यो कोन? जिता हाय का मेलेला?"

आता काय सांगावं? मी मास्तरांची बायको. त्यांनी शिकवलं होतं अगदी तेच सांगायला गेले. "मेला होता. लोकांनी मारलाच त्याला. पण तिसऱ्या दिवशी उठला. तो जिवंत आहे."

पारूबायनं तोंडावर हात ठेवला. "म्हंजी मेला आनि परत आला?"

"हो."

"आनि आता तुज्या घरात येऊन जेवतो?"

"तसं नव्हे गं..."

"मंग आमी येगळं काय बोलतो? तेच तर सगळी म्हनतात!"

मी पुष्कळ समजावलं. जितकं समजावत गेले तितकी ती मागं सरकत गेली. तोवर गावाला एकट्या मास्तरांच्या भुताचा संशय होता. माझ्या उपदेशानं त्यात दुसऱ्याची भर पडली. माझ्या तोंडूनच कबुली मिळाली म्हटल्यावर काय, गाव मोकळं झालं! मास्तर हयात असते तर हसून-हसून पाटावरून पडले असते. मला त्या रात्री हसू नाही आलं.

मुरबाडहून मिशनचे पाळकसाहेब आले, महिन्यातून एकदा यायचे तसे. चांगला माणूस. मिशननं शाळा बंद करायचं ठरवलंय म्हणाले, नाताळापर्यंत आवरून या, मुलींच्या वसतिगृहात कामाची सोय होईल. मी म्हटलं, भात उभं आहे, ते कापून मग येईन. आणि मग त्यांना ते दुसरं ताट दिसलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे बरं नाही. हा नैवेद्यच झाला. प्रभू आत्म्यानं येतो, ताटावर येत नाही." मी मान हलवली. गावाला वाटत होतं मी भूत पाळलंय, पाळकांना वाटत होतं मी मूर्ती पाळलीय, आणि खुद्द मला विचाराल तर त्या ताटाच्या पलीकडे कुणी आहे की नाही याचाच माझ्या मनात घोळ होता. माझं म्हणावं असं त्या दिवशी कुणीसुद्धा नव्हतं. पाळकसाहेब निघून गेल्यावर मी दारात बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

आणि भात पिकलं. शाळेसमोरचं एकच खाचर आमचं, पण वर्षभराचं पोट त्यात. त्या भागात भात कुणी एकट्यानं कापत नाही. सावड असते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या शेतात. मास्तर असताना आम्ही दोघं सगळ्यांकडे जायचो, सगळे आमच्याकडे यायचे. त्या साली मी विळा घेऊन पहिल्या शेतावर गेले तर कामं थांबली. कुणी हाकललं नाही. एक म्हातारा तेवढा लांबून म्हणाला, "मास्तरीन, तू घरला जा. तुज्या मागनं कोन येतं ते आमाला नको." मी परतले. माझं भात तांबूस पिवळं होऊन वाकलं. मग दाणे झडायला लागले. सकाळी बांधावर उभं राहिलं की झडलेल्या दाण्यांवर चिमण्या तुटून पडलेल्या दिसायच्या. त्यात आभाळ भरून यायला लागलं. अशा वेळी एक पाऊस झाला असता तर उभं भात आडवं होऊन कुजलं असतं.

पारूबाय परत कुंपणाशी आली. या वेळी तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी काळजी होती, ती मला स्पष्ट दिसत होती.

"सोपं हाय गो. आजपासनं येकच पान वाढ. आनि उद्या इहिरीवर सगळ्यांदेखत बोल, गेला म्हनून. येवढंच. मी सगळ्यांना घेऊन येते. येका दिसात तुजं भात खळ्यावर."

खरंच सोपं होतं. त्या संध्याकाळी मी दुसरं ताट काढलंच नाही. एकच ताट घेऊन बसले. ताटाचं मला काही नव्हतं; ताटानं प्रभूचं पोट भरत नाही एवढं मलाही कळत होतं, पाळकसाहेबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण विहिरीवर जाऊन "गेला" म्हणायचं? घास हातातच राहिला. तो आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. मी एवढे दिवस बोलत होते, त्यानं एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. मग गेला म्हणायला काय हरकत? हरकत ही की मी म्हणायची आणि तो खरंच जायचा. मास्तरांनी जाताना मला विचारलं नव्हतं. हा गेला असता तर माझ्या शब्दानं गेला असता. त्या विचारासरशी मी ताट बाजूला सारून उठलेच.

सकाळी मी पारूबायला म्हटलं, "नाही जमायचं गं मला."

"का?"

"तो गेला नाही."

"मंग मर त्याच्यासंगं!" ती ओरडली आणि फणकाऱ्यानं आत गेली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हल्ली शहापूरला मी मुलींच्या शाळेत काम करते आणि एका खोलीत राहते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा मला विचारलं, "तुम्ही संध्याकाळी रेडिओ लावता का हो? बोलण्याचा आवाज येतो." मी म्हटलं, "हो, पण फक्त माझंच स्टेशन लागतं." त्यांना विनोद कळला नाही, हे बरंच झालं. इतक्या वर्षांनी मला एवढं समजलंय की रोजच्या नात्यात बोलण्यासारखं फारसं काही नसतं. आमटीत मीठ जास्त, मुली फार गलका करतात, गुडघा दुखतो. सणासुदीला देवळात जाऊन देवाला भेटणारी माणसं मला कधीकधी फार सुखी वाटतात. पाहुण्यासारखं जायचं, चांगले कपडे घालायचे, चांगलं बोलायचं, घरी यायचं. रोज एका छपराखाली राहायचं म्हणजे रुसवे आले, अबोला आला, आणि हा तर जन्माचा अबोल. काही संध्याकाळी मी त्याच्यावर इतकी चिडते की दिवा न लावताच बसून राहते. मास्तरांना त्याच्याशी बोलण्याची होती तशी गोडी मला अजून लागलेली नाही. एकटेपणा गेला का म्हणाल, तर नाही गेला. तो सुगीच्या दिवसांत अजून तसाच दाटून येतो, कापलेल्या भाताचा वास आला की.

त्या सकाळी पारूबाय आत गेली आणि मी विळा घेऊन खाचरात उतरले. एकटी. भात कापायचं म्हणजे डाव्या मुठीत भाताची धाटं धरायची आणि उजव्या हातानं विळा ओढायचा, कमरेत वाकून, पुढं-पुढं. सावडीत बायका गातात, एकमेकींना टोमणे मारतात, त्यात कंबर विसरायला होते. मला टोमणा मारायला कोण? मी त्यालाच मारत सुटले. "बघतोस काय? हाताला फोड आलाय. तुला सुतारकाम येत होतं म्हणतात, भात कापायला शिकला नाहीस वाटतं!" शेजारच्या शेतातली माणसं ऐकत होती. ऐकू देत म्हटलं. आता लपवायचं काय उरलंय? दिवस मावळेपर्यंत कापलं, दुसऱ्या दिवशी कापलं, आणखी एक दिवस कापलं. आभाळ येत होतं आणि फिरून जात होतं. कापलेलं भात उन्हात पसरून वाळवलं. मग पेंढ्याच्या दोरांनी भारे बांधले. भारे बांधताना मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. म्हटलं, झालं की गं बाई! केलंस!

आणि तिथंच माझी अक्कल उघडी पडली. भारा बांधता येतो एकट्याला. डोक्यावर घेता येत नाही. भाताचा भारा माणसाएवढा लांब, ओबडधोबड, दोन्ही टोकांना लोंबणारा. तो दोघांनी मिळून उचलायचा, मग एकानं खाली वाकून डोकं घालायचं. त्या गावात कुणी कधी एकट्यानं शेत कापलेलंच नव्हतं, त्यामुळे हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी बांधावर टेकवून पाहिलं, गुडघ्यानं रेटून पाहिलं. भारा सुटला, दाणे सांडले. परत बांधला. परत रेटला. तेव्हा पश्चिमेकडून आभाळ असं काळंभोर चढत आलं की पोपटसुद्धा उठून गेले. सगळं गाव आपापलं भात झाकायला धावत होतं. बांधावरून माणसं जात होती आणि माझ्याजवळ आली की वाट सोडून खालच्या खाचरातून जात होती.

मी भाऱ्याच्या एका टोकाला हात घातला आणि समोरच्या मोकळ्या हवेला म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "उचल आता. तू आहेस ना? मी तुला गेला म्हटलं नाही, सगळं गाव तुटलं तरी म्हटलं नाही. आता एवढं एक टोक धर."

कुणी धरलं नाही. भारा तसाच. मी तशीच वाकून उभी. मला वाटलं, संपलं. भात गेलं तर गेलं; पण आता घरी जाऊन कुणाशी बोलू?

तेवढ्यात कापलेल्या धसकटांत पावलं वाजली. पारूबाय. आपल्या खळ्यावरचं काम टाकून आली होती, डोक्यावर पदर, हातापायांना भुसा. माझ्यापासून दोन-चार हातांवर येऊन थबकली. चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. माझ्या आजूबाजूच्या हवेत ती डोळे फाडून काही शोधत होती. भाऱ्याकडे हात करायची, परत मागं घ्यायची.

"मास्तरीन," ती म्हणाली, आणि तिचा तो बैल वळवणारा आवाज त्या दिवशी जेमतेम माझ्यापर्यंत पोचला, "त्यो कंच्या बाजूला उभा हाय ते सांग. मी दुसरीकडनं धरते."

मी तिच्याकडे बघितलं. एवढी घाबरलेली बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तरी ती आली होती. किती दिवस मी त्याला विचारत होते, बोल, काहीतरी बोल म्हणून. मला रडू फुटलं.

"तुझ्याच बाजूला गं," मी म्हटलं.

पारूबायनं डोळे गच्च मिटले. मग जराशी सरकली, त्याला उभं राहायला जागा करून दिली, आणि भाऱ्याला हात घातला.